बरोबर जागी ठेवलेला कागद

भोये सरांनी एक कागद नको त्या जागेवरून उचलला आणि हव्या त्या जागी ठेवला, आणि तेवढ्यानं घात झाला. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्याबद्दल दुसरं काहीही आधी सांगितलं तरी मला ते खोटं वाटायला लागतं. माणूस हसतमुख होता, नागलीच्या भाकरीबरोबर सुके बोंबील आणायचा, डबा उघडला की अख्ख्या स्टाफरूमला कळायचं. हे सगळं खरं, पण ते मागाहून.

मी नाशिकहून बदलून जव्हारच्या एका तांत्रिक शाळेत आले तेव्हा ते तिथे इलेक्ट्रॉनिक्सचे निदेशक होते. गाव पोशेऱ्याकडचं. अंगानं काटकुळे, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर, आणि बोलणं मोजकं. वर्गात ते पुस्तकी मराठी बोलत आणि ती जपून वापरत, पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबशीसारखी. घरचं कुणी भेटलं किंवा मन हललं की मात्र ती सुटायची आणि पाड्यावरची बोली बाहेर यायची.

आल्या आल्या त्यांची एक गंमत पाहिली. प्राचार्यांनी त्यांना भांडारघर आवरायला सांगितलं होतं. सर वही घेऊन चार दिवस दाराशी स्टुलावर बसून राहिले आणि त्यांनी कशालाही हात लावला नाही. प्राचार्य येता-जाता टोमणे मारायचे की भोये, सामान स्वतःहून चालत जागेवर जाणार आहे का? सर टिपून घेत होते: कोण आत येतो, काय मागतो, कुठल्या कोपऱ्यात आधी हात घालतो. पाचव्या दिवशी एका दुपारीत त्यांनी सगळं लावून टाकलं. त्यानंतर डोळे मिटून गेलं तरी हवी ती वस्तू हाताला लागायची.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, एक वस्तू, एक जागा. दोन जागा असल्या की वस्तू हरवते म्हणायचे. आमचे म्हातारे शिपाई मात्र पुढचा महिनाभर हातोडी घ्यायला जुन्याच फळीकडे जात राहिले. रिकाम्या फळीवर हात फिरवायचे आणि हातोडी चोरीला गेली म्हणून ओरडायचे. सर हसून म्हणायचे, मोडेल सवय. मीही हसायचे.

कुठल्याशा कचेरीनं टाकून दिलेले पाच संगणक त्यांनी शाळेत आणून जिवंत केले होते. त्यांवर फुकट मिळणारी, जगभरच्या लोकांनी हौसेनं मिळून लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम घातली होती. तिच्या सगळ्यात आतल्या भागाला कर्नल म्हणतात. सर त्याला गाभा म्हणत. वरच्या प्रोग्रॅमला काय हवं ते प्रोसेसरला सांगायचं आणि प्रोसेसर काय म्हणतो ते वर कळवायचं, हे काम गाभ्याचं. आता प्रोसेसर असतात अनेक जातींचे. प्रत्येकाच्या खोडी वेगळ्या, आणि त्या कुणीतरी कधीतरी कागदावर लिहून ठेवलेल्या. कागद म्हणजे संगणकातल्या फायलीच, पण सर त्यांना कागदच म्हणत. एका जातीचे कागद वर्षानुवर्षं वाटेल तिथे पडले होते. एक या फोल्डरमध्ये, एक त्या, काही तर बंद पडलेल्या यंत्रांच्या नावाखाली. लिहिणारी माणसं कधीच निघून गेली होती. त्या जातीचे सगळे कागद एका ठिकाणी, नीट क्रमानं लावायचं काम सरांनी आपणहून अंगावर घेतलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यातून मिळणारही काही नव्हतं. प्राचार्यांच्या भाषेत, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या.

मी इंग्रजी शिकवायचे, माझा संबंध तेवढ्यापुरता. त्यांची वाक्यं तीन-चार शब्दांची असत, आणि ‘प्लीज’ हा शब्द त्यांना खोटा वाटायचा. हे हलवा. हे चूक आहे. इथे ठेवा. मी त्यात थोडी माणुसकी घालून द्यायची, मग ते युरोपातल्या कुणा प्रमुखाला पाठवायचे. तो या सगळ्या कागदांचा राखणदार. पहिल्यांदा त्याचं ‘छान काम’ असं उत्तर आलं त्या दिवशी सरांनी सगळ्यांना भजी खाऊ घातली आणि कशाबद्दल ते कुणालाच सांगितलं नाही.

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. आता कुणीच बनवत नाही अशा एका जुन्या यंत्राच्या फोल्डरमध्ये त्यांना पानभराचा कागद सापडला होता. त्यांनी तो मला मराठीत करून वाचून दाखवला. या प्रोसेसरला गाढ झोपवू नका, काही नग झोपले की उठत नाहीत, आणि उठले नाहीत हे बाहेरून कळत नाही. खाली कुणाचं नाव, आणि त्या माणसाचा पत्ता बंद झालेला. सर म्हणाले, माझ्या बहिणीच्या पाड्यावर हीच चिप आहे.

त्यांची थोरली बहीण जाना पोशेऱ्याच्या पलीकडे एका पाड्यावर दिलेली होती. पाड्याच्या वर डोंगरात एक लहानसं धरण आहे. त्याला दरवाजे नाहीत. भरलं की सांडव्यावरून पाणी आपोआप सुटतं आणि खालच्या नदीत घटकाभरात पुरुषभर पाणी चढतं. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीनं धरणावर एक डबा बसवला होता. तो दर थोड्या वेळानं उठून पाणी मोजायचा आणि पुन्हा झोपायचा. पाणी खुणेला लागलं की पाड्यावरच्या खांबाला बिनतारी इशारा जायचा आणि भोंगा वाजायचा. बसवायला आलेल्या तरुण इंजिनिअरबरोबर सरांनी शिडी वाहिली होती, तेव्हापासून दोघांचा मेलवर बोलण्याचा परिपाठ होता. त्यानं चिपला गाढ झोप दिलेली नाही, नुसती डुलकी दिली आहे, हे सरांना माहीत होतं. म्हणून ते निर्धास्त होते.

त्यांनी तो कागद जुन्या फोल्डरमधून काढला आणि प्रोसेसरच्या नव्या फोल्डरमध्ये, अगदी वर, पहिल्यांदा नजर जाईल असा ठेवला. जुन्या जागी काही ठेवलं नाही. एक वस्तू, एक जागा. आता कुणालाही सापडेल म्हणाले. एखादं हरवलेलं जनावर गोठ्यात आणून बांधावं तसा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता.

आषाढात त्या इंजिनिअरची मेल आली. मेल आनंदाची होती. पावसाळ्यात ऊन नसतं, डब्याच्या बॅटऱ्या बसतात, म्हणून चिपला गाढ झोप द्यावी असं त्याच्या फार मनात होतं. पण प्रोग्रॅममध्ये आधीच्या कुणीतरी टीप लिहून ठेवली होती की असं करण्याआधी अमुक फोल्डरमधला अमुक कागद वाचा. त्यानं गाभ्याच्या नव्या आवृत्तीत पाहिलं तर त्या जागी तो कागदच नव्हता. म्हणजे खोड दुरुस्त झाली असणार, म्हणून कागद काढला असणार. त्यानं मे महिन्यातच डब्यात नवा प्रोग्रॅम घातला होता. शेवटी लिहिलं होतं, तुमची मांडणी फार सुंदर झाली आहे.

सरांनी मेल दोनदा वाचली आणि कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले. बाहेर मुलं यंत्रशाळेत कानशी घासत होती.

“मॅडम, कागद नाय, म्हंजे धोका नाय, असं धरलं त्यानं,” ते म्हणाले.

त्यानंतरचे आठ दिवस फोनाफोनीत गेले. इंजिनिअर पोरगा भला होता. त्यानं त्याच दिवशी वरच्यांना कळवलं, पण त्यांनी पाऊस ओसरल्यावर माणूस पाठवू असं सांगितलं. डबा कुलपात होता, कुलपावर सरकारी मोहोर होती. धरणाच्या सरकारी कचेरीत गेलं तर अर्ज द्या, कंपनीला कळवतो. कंपनीला विचारलं तर कचेरीचं पत्र आणा. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा. डब्याच्या झाकणातून एक हिरवा दिवा दिसायचा. पाणी मोजताना तो एकदा लुकलुकायचा. सर वर चढून तासभर बघत बसले, तर दिवा लागत होता. कचेरीतल्या साहेबांना तेवढंच हवं होतं. दिवा लागतोय ना, मग झालं.

सरांनी मला विचारलं होतं, कुलूप फोडू का. आतली एक वायर सोडून परत लावली की चिप जागी होते, मग रोज एकदा जाऊन तेवढं करायचं. मी त्यांना नियम सांगितले. सरकारी मालमत्ता, गुन्हा दाखल होईल, नोकरी जाईल. अर्जाचं इंग्रजी मात्र फार सुरेख लिहून दिलं. माझा त्या वेळचा शहाणपणा आठवला की आजही मला स्वतःची लाज वाटते.

पहिल्या रविवारी मी त्यांच्याबरोबर पाड्यावर गेले. वीस-बावीस घरं, उतारावर भाताच्या आवण्या चाललेल्या, सगळी माणसं गुडघाभर चिखलात. शाळेजवळ खांब आणि खांबावर भोंगा. जानाबाईंचा नवरा लहानू हा पाड्यातला सगळ्यात बोलका माणूस. मला बसायला खाट टाकली आणि नाशिकच्या बाई नागली खातात का म्हणून माझीच फिरकी घेतली. सरांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की भोंग्यावर विसंबू नका, नदीत उतरू नका. पूर्वी पावसाळ्यात कुणीतरी पाळीपाळीनं टेकाडावर बसून हाळी द्यायचं, ते पुन्हा सुरू करा. लोक ऐकून घेत होते. पण भोंगा आल्यापासून ती पाळी मोडली होती आणि लावणीच्या दिवसांत रिकामा हात कुणाचाच नव्हता.

“भोंगा वाजला नाय म्हंजे पानी नाय,” लहानू म्हणाला. “दोन वरसं तसंच हाय.”

“दाजी, मेलेला भोंगा पन वाजत नाय.”

लहानू हसला. “मंग जित्ता का मेला, कसा वलखायचा?”

सरांनी मान वर करून पाहिलं. खांबावरचा भोंगा आमच्या डोक्यावर तसाच गप्प होता आणि मला पहिल्यांदाच त्याची भीती वाटली.

कुणी बसेना तेव्हा सर स्वतः बसले. अर्जित रजा टाकली, ती मंजूर झाली की नाही हेही पाहिलं नाही. नदीच्या वळणावर एक मोठा खडक आहे, तिथून सांडवा दिसतो. पानांचं इरलं पांघरून, पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन ते उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत तिथे बसत. रात्री नदीत उतरायचं नाही हे त्यांनी पाड्यातल्या प्रत्येक घराकडून वदवून घेतलं होतं. रोज सकाळी आधी वर जाऊन हिरवा दिवा बघायचे. बारा दिवस तो लागला. तेराव्या दिवशी लागला नाही. दुपारपर्यंत थांबले, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन थांबले. पोशेऱ्याहून त्यांनी मला फोन केला.

“झोपला, मॅडम,” एवढंच म्हणाले.

कचेरीतून उत्तर मिळालं की दखल घेतली आहे. इकडे शाळेत प्राचार्यांचा संयम संपत आला होता. सर एकोणीस दिवस गैरहजर होते. प्राचार्यांनी मेमो काढला, अमुक दिवशी समक्ष हजर राहा, अन्यथा निलंबन. मेमो पाड्यावर पोचवण्याचं काम माझ्याकडे आलं. मी एसटीच्या कंडक्टरबरोबर तो धाडला आणि सोबत चिठ्ठी लिहिली: एक दिवस या, सही करून लगेच परत जा, उगाच हातची नोकरी घालवू नका. चिठ्ठी मी लिहिली. कुणी लिहायला सांगितलं नव्हतं.

ते आले. श्रावणातला दिवस होता, जव्हारला लख्ख ऊन पडलं होतं, आणि तितकं ऊन बघून मला बरं वाटलं होतं. खडकावर लहानूला बसवून आलो म्हणाले. प्राचार्यांनी दीड तास बाहेर बसवून ठेवलं. मग खुलासा लेखी द्या म्हणाले. तो खुलासा मी लिहीत होते. सर माझ्या टेबलासमोर उभे होते आणि सारखं घड्याळ बघत होते. मी त्यांना म्हटलं, बसा हो, एवढं ऊन आहे. दुपारी एकच्या सुमाराला पोशेऱ्याच्या दुकानातून फोन आला.

पाड्यावरही ऊनच होतं. पाऊस पडला होता तो वर, डोंगराच्या पलीकडे. लहानू दुपारपर्यंत खडकावरून हलला नव्हता. सांडव्यावर पाणी पांढरं दिसायला लागलं तसा त्यानं डबा बडवायला सुरुवात केली. खालच्या खाचरांत सात बायका होत्या, त्यात जानाबाई होत्या. ऊन असताना हा काय वाजवतो म्हणून आधी त्या हसल्या. तरी तो थांबेना, तेव्हा चिखलातून वर पळाल्या. सातही वाचल्या. सगळ्या वर आल्याचं बघून लहानूनं डबा ठेवला आणि पल्याडच्या काठाला बांधलेली बैलजोडी सोडायला तो नदीत उतरला. त्याचा अंदाज चुकला असेल, किंवा बैलांचा लोभ असेल. तो तिसऱ्या दिवशी बराच खाली सापडला. भोंगा शेवटपर्यंत वाजला नाही.

फोन ठेवून सर निघाले तेव्हा अर्धवट लिहिलेला खुलासा माझ्या हातात होता.

दिवसकार्य आटोपून ते शाळेत आले. मी धीर करून त्यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, सर, मी चिठ्ठी लिहायला नको होती, कुलपाचंही मीच अडवलं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “कागद मी हलवला, मॅडम.” त्यात मला माफी नव्हती आणि दोषही नव्हता. त्यांनी तो सगळाच्या सगळा स्वतःकडे ठेवला होता. माझ्या वाट्याचा परत मागायची हिंमत मला झाली नाही.

दुपारी ते संगणकासमोर बसले आणि मला इंग्रजी बघायला बोलावलं. जुन्या फोल्डरमध्ये, जुन्याच नावानं, त्यांनी दोन ओळींचा एक कागद नव्यानं लिहिला होता. मजकूर इथून हलवला आहे, अमुक ठिकाणी वाचा. धोका गेलेला नाही. मी त्यात एकही शब्द घातला नाही. गाभ्यावर काम करणाऱ्या या लोकांत एक रीत आहे, ती मला त्या दिवशी कळली. अशी दुरुस्ती पाठवताना खाली एक ओळ लिहायची, चूक कुणी कळवली त्याचं नाव आणि त्याचा ईमेल. सरांनी रोमन अक्षरांत, एकेका बोटानं, लहानूचं पूर्ण नाव टाईप केलं. पुढे मुक्काम, पोस्ट, तालुका मोखाडा, तेव्हाचा जिल्हा ठाणे. मी म्हटलं, सर, तिथे ईमेल लागतो, ते परत पाठवतील. ते म्हणाले, पाठवू द्या. त्यानं कळवलंय.

परत आलं नाही. तिसऱ्या दिवशी युरोपातल्या त्या राखणदाराचं उत्तर आलं. सरांनी त्याच सकाळी राजीनामा दिला होता. बहिणीची शेती बघायला माणूस नव्हता. ते फक्त संगणकातलं आपलं सामान काढून घ्यायला प्रयोगशाळेत आले होते. मला बोलावून त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं आणि वाचायला सांगितलं. दुरुस्ती स्वीकारली आहे, असं त्यात होतं. हे आधीच कुणीतरी बघायला हवं होतं. आणि शेवटी, लहानूला आमचे आभार कळवा.

सरांनी माऊसवरचा हात काढला. मग त्यांनी खुर्ची थोडी बाजूला सरकवली, मला कीबोर्डापाशी जागा करून दिली आणि विचारलं, “याला उत्तर काय लिहायचं, मॅडम?”

मी खुर्चीत बसले, पण मला इंग्रजीतलं एकही वाक्य आठवेना.